दुसऱ्या मजल्यावरचे जावई

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि दुसऱ्या मजल्यावर राहतात ते गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करणारे. यावर आम्ही सगळे इतकी वर्षं हसलो आहोत की आता एखादा नवा भाडेकरू हसला तर आम्हालाच राग येतो. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

उंच इमारतींच्या गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. दोर तपासायचे, ब्रेक घट्ट करायचे, आणि कुणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं तर वरून हाका मारून त्याला बोलतं ठेवायचं. मूळचा माणूस अबोल. आवाज इतका खालचा की कंपनीतले सोबती त्यांना 'तळमजला' म्हणायचे. पण अडकलेल्या माणसाशी मात्र घडाघडा बोलायचे म्हणे. "हवा येतेय ना? मग खाली बसून घ्या. मी आहे इथेच, कुठे जात नाही."

मी त्यांच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. एकटीच असते. टेलिफोन ऑपरेटर होते. पस्तीस वर्षं लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले आणि कानावर पडलेलं न पडल्यासारखं करायला शिकले. नोकरीत ही सवय चांगली म्हणतात. नोकरी सुटल्यावर ती चांगली राहिली का, याची मला शंका आहे.

खालच्या घरात तेव्हा तीन माणसं. ते, त्यांची बायको आणि सासूबाई. सासूबाईंचा एके काळी टायपिंगचा क्लास होता. आठ मशीनं, लाकडी बाकं, आणि हातात पट्टी. "बोटांकडे बघायचं नाही, समोर बघायचं!" हे वाक्य ऐकलेले कारकून अजून भेटतात. नवरा लवकर गेला, मुलगा परदेशी स्थायिक झाला, म्हणून त्या मुलीकडे राहायला आल्या. पण जावयाच्या घरी राहतोय याचा संकोच काही सुटला नाही. ते कामावरून आले की या उठून आतल्या खोलीत जायच्या. तेही तसलेच. सात वर्षं एका छपराखाली राहून दोघांचं सगळं बोलणं बायकोमार्फत.

"अगं, जावईबापूंना विचार, चहा टाकू का."

"आईंना सांग, घेईन अर्धा कप."

तिघंही एकाच खोलीत! बायको हसत हसत म्हणायची, "ताई, तुम्ही निवृत्त झालात, आता तुमची नोकरी मी करतेय."

ती औषधांच्या दुकानात होती. सकाळी दहाला जायची, संध्याकाळी साडेसातला यायची. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला की मी दूध तापवायला ठेवायची, इतकी तिची वेळ पक्की. एका दुपारी गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता ती काउंटरमागे कोसळली. मेंदूत रक्तस्राव. जावई तेव्हा अठराव्या मजल्याच्या वर, गच्चीवर होते. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. एक्कावन्न वर्षांची होती.

आणि मग मागे राहिली ती दोन माणसं, जी एकमेकांशी कधी थेट बोललीच नव्हती.

परदेशातून मेहुणा आला, आठवडाभर राहिला. निघताना म्हणाला, "भाऊजी, आईला एखाद्या चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू या. तुम्ही किती दिवस करणार? तुमच्यावर काही बंधन नाही."

हे म्हणाले, "सध्या राहू दे."

ते 'सध्या' पाच वर्षं चाललं. लोक चकित व्हायचे. मुलगा आईचं करतो, सून सासूचं करते, लेक बापाचं करते. पण जावई सासूचं करतो, तेही बायको गेल्यावर, हे कुठल्या खणात ठेवावं ते कुणाला कळेना. कुणी म्हणायचं देवमाणूस, कुणी म्हणायचं घरावर डोळा असेल. घर त्यांचं स्वतःचंच होतं, पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

मेहुण्याचा दर रविवारी फोन यायचा. "आईला जरा चालवत जा, भाऊजी. मोकळ्या हवेत नेत जा." दोन मजले जिना, सासूबाईंचे गुडघे गेलेले, आणि हा सल्ला समुद्रापलीकडून. हे म्हणायचे, "बरं."

आधी गुडघे गेले, मग हळूहळू डोकं. गॅस चालू राहू लागला, औषध दोनदा घेतलं जाऊ लागलं. शेवटी यांनी मुदतीआधी नोकरी सोडली. सकाळी आंघोळ घालायला एक बाई यायच्या. त्या लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या, त्या गेल्याच. दुसऱ्या बाईचा शोध चालू होता, तेवढ्यात एका सकाळी सासूबाईंना बिछान्यातच झालं.

हे मला कसं कळलं? आमच्या इमारतीत सगळ्या न्हाणीघरांच्या खिडक्या एकाच बोळात उघडतात. खालचा शब्द वर जसाच्या तसा येतो. मी कपडे धूत होते.

"नको! तुम्ही जावई आहात हो!" त्यांचा आवाज चिरकला होता.

"आई, पाणी गार होतंय."

"नको म्हणते ना. शेजारणीला बोलवा कुणाला तरी."

बादली सरकल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "आज मला जावई नका समजू. लिफ्टवाला समजा. बिघाड झाला की लिफ्टवाला येतो, नाही का? त्यात लाजायचं काय?"

आणि मग एकदम क्लासमधला आवाज, पट्टी आपटल्यासारखा: "समोर बघायचं! हातांकडे नाही!"

"समोरच बघतोय. फरशी दिसतेय. एक तुटलीय."

पाणी पडायला लागलं. मी हळूच खिडकी लावून घेतली.

'शेजारणीला बोलवा' हे मी ऐकलं होतं. शेजारीण मीच. चौदा पायऱ्या उतरायच्या होत्या. त्यांना लाज वाटेल, आपण ऐकलं असं कळेल, उगाच कशाला, असं मनाशी म्हणत मी कपडे वाळत घातले. त्यानंतर कितीतरी महिने मी ती खिडकी बंदच ठेवली. माणुसकी म्हणून ठेवली असं तेव्हा वाटायचं.

पुढे एक दिवस सासूबाई विसरल्या की लेक गेली. साडेसात वाजले, आठ वाजले, त्या विचारायला लागल्या, "अजून कशी आली नाही?" यांनी खरं सांगितलं. त्या अशा रडल्या, जणू बातमी आत्ताच आली. त्यांच्यापुरती ती नुकतीच आली होतीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी यांनी सांगितलं, "ती कामावर गेलीय, आई. येईल."

तसं बघितलं तर ते खोटंही नव्हतं. ती कामावरच गेली होती. परत आली नाही, एवढंच.

रोज संध्याकाळी हा प्रश्न आणि हे उत्तर. त्यांनी मला एकदा सांगितलं, "ताई, सात वाजून गेले की माझेच कान जिन्याकडे लागायला लागले. कुणाच्याही चपला वाजल्या की मी उठायचो." आईंसमोर रडायची सोय नाही, कारण मग काय झालं म्हणून त्या विचारणार. बायकोचा फोटोसुद्धा भिंतीवरून काढून कपाटात ठेवला होता. ज्या घरात ती अजून कामावरून यायची आहे, त्या घरात तिच्यासाठी रडणार तरी कसं?

त्यांना जिन्यात चक्कर आली तो दिवस मात्र मला टाळता आला नाही, कारण ते माझ्या दारासमोरच बसले होते. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी घेऊन उतरत होते. मी पाणी दिलं. म्हणाले, "काही नाही, ऊन लागलं." ढगाळ दिवस होता.

त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राच्या सिस्टर सासूबाईंना तपासायला आल्या. घरोघरी फिरणाऱ्या, पायात बूट, खांद्याला जड पिशवी. आजींचं सगळं लिहून झाल्यावर त्या यांना म्हणाल्या, "आता तुमचं सांगा."

"माझं काय?"

"हात पुढे करा." रक्तदाब बघितला आणि त्यांनी भुवई वर केली. "गोळी चालू आहे ना?"

"होती."

"आजींच्या गोळ्यांना वारांची डबी आहे. सोमवार, मंगळवार, सगळं झकास. तुमच्या गोळ्या कुठे आहेत?"

यांनी दोन खण उघडून बघितले. सापडल्या नाहीत. सिस्टरांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं: गुरुवार, तीन ते पाच, केंद्राच्या वरची खोली. "घरच्या म्हाताऱ्या माणसांचं करणारे लोक जमतात तिथे. या तुम्ही."

"आणि आईंजवळ कोण बसणार?"

"तुम्हीच शोधा कुणीतरी. कुणाला विचारलंय का आजवर?"

विचारलं नव्हतं. चिठ्ठी मोबाईलच्या कव्हरात जाऊन पडली, आणि दोन-तीन गुरुवार तसेच गेले.

मग एका दुपारी जेवण भरवताना सासूबाईंचा चेहरा एकदम स्वच्छ झाला. पूर्वीसारखा. त्या म्हणाल्या, "ती गेली ना हो?"

"कोण, आई?"

"वेड पांघरू नका. माझी मुलगी."

यांच्या हातात चमचा तसाच. खरं सांगावं तर पुन्हा तो आकांत, खोटं सांगावं तर त्या नजरेसमोर जीभ उचलेना. "हो," ते म्हणाले. "गेली."

"किती दिवस झाले?"

"चार वर्षं होतील."

त्या रडल्या नाहीत. पांघरुणावर त्यांची बोटं हलत राहिली, मशीनवर चालायची तशी. मग त्यांनी विचारलं, "मग तुमचं कोण करतं?"

यांनी चमचा ताटलीत ठेवला. लग्न झाल्यापासून सासूबाईंनी यांच्याविषयी थेट यांनाच विचारलेला हा बहुधा पहिलाच प्रश्न. चहा घेणार का, हेसुद्धा लेकीमार्फत विचारणारी बाई! "घास गार झाला, आई," एवढंच ते म्हणाले. संध्याकाळी साडेसात वाजता सासूबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, अजून आली नाही का?

दुसऱ्या दिवशी माझ्या दाराची बेल वाजली. त्यांनी ती अकरा वर्षांत पहिल्यांदाच वाजवली. दारात उभे, नजर पायपुसण्यावर. "ताई, गुरुवारी दोन तास बसाल का आईंजवळ? नाही जमलं तरी चालेल."

"जमेल की," मी म्हणाले. हे इतकं सोपं होतं. मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली.

त्या खोलीत काय झालं ते त्यांनी मला नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. गोल मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर लसीकरणाची जुनी पत्रकं, पाण्याचा जग. आठ बाया आणि दोन पुरुष. सिस्टर एकेकाला विचारून वहीत टिपत होत्या. यांची पाळी आली.

"घरी कोण कोण असतं?"

"आम्ही तिघं."

"तुम्ही, सासूबाई, आणि?"

यांनी मनाशी पुन्हा मोजलं. सगळे वाट बघत होते. "नाही, दोघंच," ते म्हणाले. "बायको वारली माझी."

आईंना त्यांनी तीन-चारदा सांगितलं होतं, पण ते 'तुमची मुलगी' म्हणून. 'माझी बायको' म्हणून हे वाक्य त्यांच्या तोंडून चार वर्षांत निघालंच नव्हतं. ते तिथे रडले. रुमाल नव्हता. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त गणिताचे मास्तर होते, त्यांनी आपला दिला. मास्तर त्यांच्याकडे न बघताच म्हणाले, "हिशोब माझाही चुकतो. माझी घरात आहे, पण मी कोण ते तिला ठाऊक नाही. रोज दोन म्हणून धरतो, उत्तर एकच येतं."

इकडे खाली मी सासूबाईंजवळ बसले होते. त्यांनी मला निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "आलीस? किती उशीर!"

मला वाटलं, म्हाताऱ्या जिवाला तेवढंच समाधान. "हो, दुकानात गर्दी होती," मी म्हणाले. त्यांनी माझा हात धरून ठेवला. पाच वाजता हे आले तेव्हा त्या आनंदाने म्हणाल्या, "ही बघा, आली! तुम्ही म्हणतच होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात गेले. नळ बराच वेळ चालू राहिला. मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, रागावू नका. पण ते नका म्हणत जाऊ. ती कामावर आहे, एवढंच सांगा."

मी मान हलवली. ती जागा कुणी भरलेली त्यांना चालणार नव्हती, मग आईंना कितीही बरं वाटो.

पुढचं वर्षभर दर गुरुवारी मी खाली जात होते. त्यांच्याही गोळ्यांना वारांची डबी आली, हिरव्या रंगाची. सिस्टरांनी केंद्रातून माणसाला बांधून उचलून न्यायची पट्ट्यांची खुर्ची मिळवून दिली आणि एके सकाळी मास्तर, पहारेकरी आणि हे, अशा तिघांनी सासूबाईंना खाली उतरवलं. दोन वर्षांनी त्यांचा पाय, म्हणजे खुर्चीचा पाय, रस्त्याला लागला. त्या उन्हात डोळे किलकिले करून समोरच्या घड्याळाच्या दुकानाची पाटी वाचत बसल्या. मग कडाडल्या, "दुरुस्ती! पहिला उकार दीर्घ कुणी काढलाय? पुन्हा काढा!" घड्याळवाला बिचारा बाहेर येऊन हात जोडून उभा. त्या दिवशी मी यांना मोठ्याने हसताना ऐकलं. त्यांचा हसण्याचा आवाज मात्र तळमजल्याचा नव्हता.

त्यानंतर सासूबाई फार दिवस राहिल्या नाहीत. छातीत कफ झाला, दवाखान्यात आठ दिवस, नवव्या दिवशी सकाळी गेल्या. हे उशाशी होते. शेवटचं काय बोलल्या, असं सगळे विचारायचे. काही नाही बोलल्या. झोपेतच होत्या.

मेहुणा आला, धावपळ झाली, सगळं रीतसर पार पडलं. जाताना त्याने यांना मिठी मारली. "भाऊजी, तुम्ही जे केलंत ते मी मुलगा असून केलं नाही. आता मोकळे झालात." हे म्हणाले, "हो." रविवारचे फोन आधी पंधरवड्याने, मग महिन्याने यायला लागले. त्यात त्याचीही चूक नाही. बोलणार काय? दोघांना जोडणारी दोन्ही माणसं गेलेली.

मी म्हणाले, जेवायला येत चला. एकदा आले. जेवले, ताट स्वतः धुतलं, म्हणाले, "छान होतं." पुन्हा आले नाहीत. संध्याकाळी सात वाजले की घराला कुलूप लावून बाहेर पडायचे आणि नऊला परतायचे. कुठे जाता, म्हणून मी विचारलं. "असाच. फिरून येतो." मग एक पायरी उतरून थांबले. "ताई, आई होत्या तोवर ती कामावर होती. आता तसं सांगायलाही कुणी नाही."

याला काय उत्तर द्यायचं? मी ऑपरेटर, पण समोरून कुणी उचलणारच नसेल तर जोडून कुणाला देणार?

गुरुवारच्या खोलीत ते नंतर दोनदा गेले. तिथे बाया सांगत होत्या, सासरे औषध थुंकतात, आई रात्रभर हाका मारते. यांच्याकडे सांगायला काही नव्हतं. आपण उगाच खुर्ची अडवतोय असं वाटून त्यांनी जाणं सोडलं. सिस्टरांनी दोन निरोप पाठवले. "बघतो," म्हणाले.

मग गेल्या महिन्यात मास्तरांचा फोन आला. मास्तरांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं आणि बायकोला एकटीला ठेवून जाता येत नव्हतं. "तीन तासांचा प्रश्न आहे. नाही म्हणालात तरी चालेल."

हे गेले. मास्तरांची बायको खिडकीशी बसलेली, दुपारभर एक शब्द बोलली नाही. यांनीही बोलायचा आग्रह धरला नाही. तिच्या खुर्चीचं एक चाक कुरकुरत होतं, त्यात तेल घातलं. तिला पाणी दिलं. तिने ग्लास परत करताना यांच्या बोटांवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. कुणाला समजून, कोण जाणे.

पाचच्या सुमाराला मास्तर आले, डोळ्यांत औषध घातलेलं, काळा चष्मा, भिंत चाचपत. "काही त्रास दिला का हिने?"

"छे."

मास्तरांनी अंदाजाने चहा टाकला, अर्धा ओट्यावर सांडला. तिघांनी खिडकीशी बसून घेतला. कप रिकामा झाला तेव्हा निघायला हवं होतं, बाहेर ऊन उतरत होतं. हे उठले, पिशवी घेतली आणि पुन्हा बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "अजून अर्धा कप मिळेल का?"